विज्ञान-प्रेमकथांची मालिका स्वतः काढायची तर: पहिलं पुस्तक हातात धरून थांबा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मराठीत विज्ञान-प्रेमकथांची पाच पुस्तकांची मालिका डोक्यात आहे. पहिल्या कादंबरीचा खर्डा पूर्ण झालाय. दोन प्रकाशकांनी "विज्ञानकथा वाचणाऱ्याला प्रेम नको असतं आणि प्रेमकथा वाचणाऱ्याला विज्ञान" असं सांगून तो परत पाठवला. म्हणून स्वतःच काढायचं ठरवलंय. तर लगेच काढू का? आणि कुठे, कसं? टोपणनाव घेतलं तर चालेल का?

लगेच काढू नका. दुसऱ्या पुस्तकाचं संपादन उरकलेलं असावं आणि तिसऱ्याचा खर्डा तयार असावा, मगच पहिलं बाहेर पडू द्या. याला दोन कारणं आहेत. पहिलं लेखनातलं. दुसरं पुस्तक लिहायला बसलात की पहिल्यातल्या एखाद्या नियमाने हात बांधले जातात. पहिल्या पुस्तकात तुम्ही सहज लिहून गेलेलं असता की अमुक यान परत फिरू शकत नाही, आणि दुसऱ्याची सगळी गोष्ट त्या यानाच्या परतण्यावर उभी असते. पहिलं हातात असेल तर ते वाक्य बदलता येतं. वाचकाच्या हातात गेल्यावर येत नाही. दुसरं कारण वाचकाचं. मालिकेचं पहिलं पुस्तक घेणारा माणूस तुमच्यावर विश्वास टाकत असतो की पुढचं येणार आहे. पहिलं वाचून झाल्यावर दुसऱ्याची वाट दोन-तीन महिने बघायला तो तयार असतो. दोन वर्षं गेली तर नायिकेचं नावही त्याच्या लक्षात राहत नाही.

आता प्रकाशकांच्या म्हणण्याकडे येतो, कारण त्यात तथ्य आहे. विज्ञान आणि प्रेम एकाच पुस्तकात शेजारी शेजारी राहतात पण एकमेकांशी बोलत नाहीत, अशा कादंबऱ्या खरोखरच कुणाला नको असतात. एक कसोटी लावून बघा. तुमच्या गोष्टीतलं विज्ञान काढून टाका. मंगळाच्या जागी मस्कत ठेवा, अवकाशस्थानकाच्या जागी तेलविहीर. गोष्ट तशीच्या तशी उभी राहिली, तर ती परगावच्या नोकरीची प्रेमकथा आहे आणि विज्ञान नुसतं सजावटीला आहे. आता उलट करा. प्रेम काढून टाका. मोहीम तशीच पार पडत असेल, तर ती साहसकथा आहे. विज्ञान-प्रेमकथेत दोन माणसांमधली अडचण विज्ञानाच्या नियमातूनच यायला हवी आणि तो नियम लेखकाला सोयीनुसार वाकवता येऊ नये. माझ्या मते या लेखनप्रकाराची सगळी ताकद इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मंगळाचंच उदाहरण घेऊ. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर सतत बदलतं, त्यामुळे रेडिओ संदेश एका बाजूने पोचायला कधी तीन मिनिटं लागतात, कधी बावीस. समजा रेवती मंगळावर आहे आणि अभय पुण्यात. त्या दिवशी हा वेळ चौदा मिनिटांचा आहे. रात्री ९ वाजता रेवती चिडून लिहिते, "तू आईंना सांगितलंसच कसं?" हे निघालंय याचा अभयला पत्ता नाही. ९.०५ ला तो आपणहून लिहितो, "माझं चुकलं. मी आईला सांगायला नको होतं." ९.१४ ला रेवतीचा राग त्याच्यापर्यंत पोचतो. हिशेब केला तर त्याला कळेल की त्याच्या माफीला उत्तर ९.३३ च्या आधी येऊच शकत नाही. पण दुखावलेला माणूस हिशेब करत नाही. त्याला वाटतं माफी मागूनही ही असं बोलते, आणि ९.१५ ला तो लिहितो, "माफी मागितली तरी तुझं समाधान नाहीच." इकडे ९.१९ ला रेवतीला माफी मिळते, तिचा राग निवळतो, आणि ९.२० ला ती पाठवते, "बरं, राहू दे. जेवलास का?" ९.२९ ला तिच्यासमोर अभयचं ते वाक्य येतं. ९.३४ ला अभयसमोर "जेवलास का?" येतं.

या प्रसंगात खलनायक नाही, गैरसमज पसरवणारी मैत्रीण नाही, योगायोग नाही. प्रकाशाचा वेग आहे आणि दोन स्वभाव आहेत. ही गोष्ट मस्कतमध्ये घडू शकत नाही. असे प्रसंग हाताशी असले की "प्रेमकथा वाचणाऱ्याला विज्ञान नको" हे म्हणणं आपोआप गळून पडतं. त्या वाचकाला चौदा मिनिटं समजावून सांगावी लागत नाहीत, ती त्याला लागतात.

मंगळाकडे असं अजून पुष्कळ आहे. तिथला दिवस सुमारे २४ तास ३९ मिनिटांचा. म्हणजे तिची संध्याकाळ त्याच्या घड्याळात रोज जवळपास चाळीस मिनिटं पुढे सरकते आणि साधारण पाच आठवड्यांनी फिरून पूर्वीच्या वेळेवर येते. दोघांनी एकाच वेळी चहा घ्यायचं ठरवलं तर त्याला आज सहाला, उद्या पावणेसातला, आणि पुढे कधीतरी पहाटे तीनला उठून आधण ठेवावं लागेल. तो किती दिवस उठतो, यातून माणूस दिसतो. शिवाय साधारण २६ महिन्यांनी एकदा मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो आणि त्या काळात नासा आपल्या मंगळावरच्या यानांना सुमारे दोन आठवडे आज्ञा पाठवत नाही, कारण सूर्याजवळून जाणारा संदेश बिघडू शकतो. प्रेमकथेत तीन-चतुर्थांशावर जी ताटातूट लागते, ती इथे पंचांगात लिहिल्यासारखी आधीपासून ठरलेली आहे. वाचकाला पहिल्या प्रकरणापासून माहीत असतं की ते दोन आठवडे येणार आहेत. भांडण नेमकं आदल्या दिवशी होऊ द्या.

आणि अवकाशातच जायला हवं असंही नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. त्यांपैकी १४ मध्यभागी आहेत, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. तिथे मोबाइलचा सिग्नलसुद्धा निरीक्षणात अडथळा ठरतो. ज्या जागी आकाशाचं ऐकण्यासाठी माणसांनी फोन बंद ठेवायचे, तिथे दोघांची गाठ पडली तर? हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहतेय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची, गुरुत्वीय लहरी टिपणारी. इतकी संवेदनशील की आसपासची सूक्ष्म कंपनंही तिला त्रास देतात. जमीन दिलेल्या घरातली मुलगी आणि बाहेरून आलेला तंत्रज्ञ, एवढ्यावर एक कादंबरी उभी राहते. विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं, तेव्हा जाऊन या आणि तिथे काम करणारी माणसं कशी बोलतात ते कान देऊन ऐका. त्यांचं बोलणं "संदेशग्रहण झाले काय" असं नसतं. ते "सिग्नल आला का रे?" असंच विचारतात. संवादात तसंच लिहा. निवेदनात मात्र तुम्ही यान, कक्षा, दुर्बीण हे शब्द मोकळेपणाने वापरू शकता, मराठी वाचकाला ते शाळेपासून ओळखीचे आहेत.

मालिकेचा आकार. एकच जोडपं पाच पुस्तकं ताणू नका. दर पुस्तकात वेगळी जोडी, जग तेच, पार्श्वभूमीला एक मोठं सूत्र पाचही पुस्तकांतून जाणारं. पहिल्या पुस्तकातली रेवतीची सहकारी दुसऱ्याची नायिका. याचा फायदा असा की तिसरं पुस्तक आधी हातात पडलेला वाचकही अडत नाही, आणि प्रत्येक पुस्तक आपल्या जागी पूर्ण होतं. पूर्ण होणं महत्त्वाचं आहे. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संघटनेची प्रेमकथेची व्याख्या दोनच अटींची आहे: गोष्टीच्या केंद्रस्थानी प्रेम हवं, आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायक हवा. आपल्याकडे विरहाला साहित्यिक मान मोठा आहे, त्यामुळे नायक-नायिकेला शेवटी तोडलं की पुस्तक "गंभीर" होतं असं पुष्कळांना वाटतं. तुम्हाला शोकांतिका लिहायची असेल तर जरूर लिहा, पण मग मुखपृष्ठावर प्रेमकथा म्हणू नका. पाच पुस्तकांचं मोठं सूत्र अधांतरी ठेवून पुस्तक संपवलं तर चालतं, जोडपं अधांतरी ठेवलं तर वाचक पुढचं पुस्तक उघडत नाही.

प्रणयदृश्यं किती मोकळी लिहायची, हेही पहिल्या पुस्तकात ठरवा आणि पाचव्यापर्यंत तीच पातळी ठेवा. संयत लिहा किंवा धीट लिहा, दोन्हीला वाचक आहे. पहिल्यात हात धरण्यावर थांबलात आणि तिसऱ्यात दार उघडं टाकलंत, तर दोन्हीकडचा वाचक नाराज होतो.

मराठीने दिलेल्या दोन गोष्टी इथे फार कामाच्या आहेत. "तुम्ही"वरून "तू"वर येणं हा आपल्याकडे अख्खा प्रसंग असतो. मोहिमेची प्रमुख आणि तिच्या हाताखालचा अभियंता, वय त्याचं जास्त. कोण कुणाला कधी "तू" म्हणेल, आणि चारचौघांत चुकून म्हटलं गेलं तर काय होईल, हे आधी ठरवून ठेवा. दुसरी गोष्ट क्रियापदांची. एक पात्र यंत्रबुद्धी (एआय) असेल किंवा परग्रहावरचं असेल, तर पहिल्याच वाक्यात प्रश्न येतो: तो म्हणाला, ती म्हणाली की ते म्हणालं? याला अडचण समजू नका. सुरुवातीला सगळे त्याला "ते" म्हणतात. मग एका प्रकरणात नायिका नकळत "तो म्हणाला" असं बोलून जाते आणि समोरचा सहकारी क्षणभर तिच्याकडे बघत राहतो. एवढ्यात सगळं सांगून झालं.

यासाठी एक वही हवीच. तिच्यात प्रत्येक आकडा, प्रत्येक तारीख, कोण कुणाला कशी हाक मारतं, कुठलं यंत्र काय करू शकतं आणि मुख्य म्हणजे काय करू शकत नाही, हे लिहून ठेवा. पहिल्या पुस्तकात संदेशाला चौदा मिनिटं लागत असतील आणि तिसऱ्यात दोघं थेट गप्पा मारत असतील, तर जो वाचक तुमच्यावर सर्वांत जास्त प्रेम करतो तोच आधी पकडतो.

खर्डा दोन प्रकारच्या माणसांकडून वाचून घ्या: एक विज्ञान कळणारा, एक प्रेमकथा मनापासून वाचणारी व्यक्ती. दोघांना वेगळे प्रश्न विचारा. पहिल्याला विचारा, कुठे खोटं वाटलं. दुसरीला विचारा, कुठे वाचन थांबवून फोन हातात घेतला. संपादक आणि मुद्रितशोधक यांना पैसे द्या. सगळ्या खर्चात हा खर्च शेवटी कापायचा.

टोपणनावाचं तुम्ही विचारलं होतं. खुशाल घ्या. डॉ. जयंत नारळीकरांनीसुद्धा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला "कृष्णविवर" ही कथा आद्याक्षरं उलटी करून "नारायण विनायक जगताप" या नावाने पाठवली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. बँक, पॅन आणि करार यांत मात्र खरंच नाव लागतं. प्रताधिकार लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. तो हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. टोपणनावामागची व्यक्ती कधीच उघड झाली नाही, तर मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं धरतात, एवढं ध्यानात ठेवा.

आता कुठे काढायचं. ई-पुस्तकाने सुरुवात करा. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तक स्वतः चढवता येतं (या सेवेचं नाव केडीपी), त्याला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, लागत नाही. दोन मानधन दर आहेत, ३५ आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक ९० दिवसांसाठी केडीपी सिलेक्ट या योजनेत घालावं लागतं, आणि तिथे अट अशी की त्या ९० दिवसांत त्याची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही, फुकटसुद्धा, ठेवायची नाही. नमुना म्हणून फार तर दहा टक्के मजकूर बाहेर चालतो. मालिकेसाठी मी ही अट मान्य करा असंच सांगेन, कारण किंडल अनलिमिटेड या वर्गणीवर वाचायच्या सेवेच्या सभासदाला दुसरं पुस्तक उघडायला वेगळे पैसे पडत नाहीत आणि तुम्हाला वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. ७० टक्क्यांच्या दरात फाइलच्या आकारमानाप्रमाणे, भारतात एमबीमागे ७ रुपये, वजा होतात. म्हणून आत मोठी चित्रं घालू नका. अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी घेतलेल्या पुस्तकांवर तिथला कर कापला जातो. खातं उघडताना करविषयक माहिती पॅनसह नीट भरली तर भारत-अमेरिका करारानुसार तो ३० ऐवजी १५ टक्के कापतात. पुष्कळ जण तो फॉर्म घाईत भरतात. तसं करू नका.

मग प्रतिलिपी या कथा वाचायच्या ॲपचं काय? तिथे मराठी प्रेमकथा वाचणारे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांना भागाभागाने वाचायची सवय आहे. कादंबरी तिथे टाकू नका, सिलेक्टची अट मोडेल. त्याऐवजी मालिकेच्या आधी घडणारी एक वेगळी, पूर्ण कथा लिहा आणि ती तिथे भागांत द्या. अशीच दुसरी कथा दिवाळी अंकासाठी लिहा. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा जूनमध्ये कथा हातात असावी. संपादकाला मालिकेची जाहिरात नको असते, चांगली कथा हवी असते. लेखक-परिचयातली एक ओळ तुमच्या कामाला पुरेशी आहे.

फाइलबद्दल एक गोष्ट अगदी जवळून सांगतो, कारण मराठी ई-पुस्तकं इथेच बिघडतात. मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करा. छपाईच्या डीटीपीसाठी जुन्या फाँटमध्ये बसवलेला मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये आणला की रफार शेजारच्या अक्षरावर जातो, "दुसऱ्या"तला अर्धा र तुटतो, "ट्ट", "ङ्म"सारखी जोडाक्षरं सुटी होतात. किंडल प्रिव्ह्यूअरमध्ये फाइल उघडून आधी हेच शब्द शोधा: दुसऱ्या, वाऱ्यावर, सर्व, मर्म, चिठ्ठी. मग साध्या फोनवरही बघा. तुमचा बहुतेक वाचक फोनवर वाचणार आहे.

मुखपृष्ठं पहिल्या तिघांची एकदमच करून घ्या, एकाच चित्रकाराकडून, एकाच अक्षरशैलीत. फोनवर ते बोटाच्या पेराएवढं दिसतं. त्या आकारात शीर्षकाच्या वेलांट्या-उकार वाचता आले पाहिजेत, आणि ही प्रेमकथा आहे व ती उद्याच्या जगातली आहे, या दोन्ही गोष्टी कळल्या पाहिजेत. नुसता ग्रह दाखवलात तर प्रेमकथेचा वाचक पुढे जातो, नुसते दोन चेहरे दाखवलेत तर विज्ञानकथेचा. चित्र यंत्रबुद्धीकडून काढून घेतलं असेल, तर केडीपीवर पुस्तक चढवताना तसं सांगावं लागतं.

तारीख. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन. तुमच्या मालिकेसाठी इतकी सोयीची जोडी वर्षात दुसरी नाही. पहिलं पुस्तक तेव्हा आणा, दुसरं मेच्या सुट्टीत, तिसरं २३ ऑगस्टच्या अंतराळ दिनाच्या आसपास. केडीपीवर पूर्वनोंदणी लावता येते, पण अंतिम फाइल प्रकाशनाच्या ७२ तास आधी जायलाच हवी. दुसऱ्याची पूर्वनोंदणी पहिलं प्रसिद्ध होताना सुरू असू द्या. पहिल्याच्या शेवटच्या पानानंतर, आभार-बिभार येण्याआधी, दुसऱ्याचा दुवा आणि त्याची पहिली दोन पानं द्या. वाचक त्या क्षणी सर्वांत जास्त तुमचा असतो.

प्रकाशनाआधी महिनाभर वीस-पंचवीस अनोळखी वाचकांना प्रती द्या आणि एवढंच सांगा की जमलं तर प्रामाणिक अभिप्राय लिहा. घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय ॲमेझॉन काढून टाकतं, विकत घेतलेले तर घेऊच नका. पीडीएफ कुणालाही पाठवू नका. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर कशा फिरतात ते तुम्हीही पाहिलं असेल. त्यात लेखकाच्या कष्टाचा घास जातो आणि मला त्याचा मनापासून राग आहे. जाहिरातीवर तिसरं पुस्तक येईपर्यंत पैसे घालू नका. तोवर एकच आकडा बघा: पहिलं वाचून संपवणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्याकडे वळले. तो कमी असेल तर जाहिरातीने सुटणार नाही, पहिल्याचा शेवट पुन्हा वाचावा लागेल.

छापील आवृत्ती नंतर, आणि मागणीनुसार छपाईने. पोथी डॉट कॉम किंवा नोशन प्रेससारख्या ठिकाणी थोड्या प्रती निघतात. पाचशे प्रती ऑफसेटवर छापून पलंगाखाली ठेवू नका. पुढे तशी मागणी आलीच, तर पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवा, कारण छपाई सोळा पानांच्या फॉर्ममध्ये होते, आणि किंमत ठरवताना निम्म्याच्या आसपास रक्कम वितरण-विक्रीत जाईल असं धरून चाला. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. तो स्वतःच्या नावावर घ्या, छापणाऱ्याच्या नको. प्रकाशक तुम्हीच असाल, तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. श्राव्य हक्क मात्र कुठल्याही करारात सहज सोडून देऊ नका. मराठीत पुस्तकं ऐकणारे बरेच आहेत, आणि चौदा मिनिटांच्या अंतराने येणारे दोन आवाज कानांना कसे लागतील, याचा विचार आत्ताच करून ठेवा.